अकेयोची झोप

सोमवार, ९ जून
माझे गुडघे बरे. शेळी बरी. थोरली सवत फिलिस्टर जरा जास्तच बरी, सकाळपासून अंगणापलीकडून तिचं तोंड चालू आहे. बरी नाही ती फक्त नात. दीड वर्षापूर्वी तिची आई वारली, तेव्हापासून अकेयो माझ्याकडेच. तेरा वर्षांची पोर, आणि डोळ्यांखाली म्हातारीसारखे खड्डे.
आज मास्तर घरी आले. म्हणाले, "आजी, ही वर्गात झोपते. असंच चाललं तर परीक्षेच्या यादीतून नाव काढीन."
मी म्हटलं, "झोप येईल असं शिकवता कशाला?" पण आतून हादरले.

मंगळवार, १० जून
तिच्या बापानं किसुमू शहरातून पाठवलेला फोन उगालीच्या मक्याच्या पिठात पुरून टाकला. रात्रीचा चहा बंद. मग प्रार्थनाघरात गेले. पास्टरला विचारलं, "तुमचा देव बहिरा आहे का? रात्री भोंगा कशाला?" भोंगा बंद झाला.
पोर जागीच.

बुधवार, ११ जून
फिलिस्टर म्हणते, "तुझ्या घरात झोप येईल कुणाला? नवरासुद्धा माझ्याकडे येऊन घोरायचा."
जळो तिची जीभ!

गुरुवार, १२ जून
वर्गात पुन्हा डुलकी. मास्तर म्हणाले, ही शेवटची ताकीद.
माझं डोकंच फिरलं. पोरीची चटई उचलली आणि सवतीच्या दारात आपटली. "घे. तू झोपव." अकेयो रडत होती. नातीनं आपल्या आजीच्या घरी झोपायचं ही आमची रीत. ती मीच मोडली. मागं वळूनही पाहिलं नाही.

शुक्रवार, १३ जून
पहाटे दार उघडलं, तर अकेयो बाहेर मातीत बसलेली, भिंतीला कान लावून. तिच्या अंगावर सवतीची चादर. सवत शेजारी उभी. पहिल्यांदाच हळू बोलली, "रात्रभर इथंच होती. तुझा श्वास चालू आहे का, ते ऐकत होती. आई रात्री गेली तेव्हा ही तिच्या कुशीत झोपली होती म्हणे, हिला कळलंच नाही."
दीड वर्ष पोर माझ्यावर पहारा करतेय, आणि मी पास्टरशी भांडत बसले! एवढा राग मला कधी कुणाचा आला नव्हता, जेवढा आज माझा आला.

शनिवार, १४ जून
काल रात्री फिलिस्टर स्टूल घेऊन आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा उंबरा ओलांडला. खाटेशी बसली. "पोरी, आज पाळी माझी. हिचा श्वास थांबला तर आनंद मलाच आधी होईल, तुला हाक मारीनच. झोप."
सकाळचे दहा वाजले. अकेयो अजून झोपलेली आहे. आम्ही दोघी कुजबुजत भांडतोय.