पाटीवरची खालची ओळ

मंगळवार, १२ ऑगस्ट १९८०. अनगोळ.

संध्याकाळपासून कशातच लक्ष नाही. नऊ वर्षं मी साप्ताहिकात चित्रकथा काढते. तिच्यातल्या आप्पांच्या किराणा दुकानावर पहिल्या आठवड्यापासून पाटी आहे, वर मराठी, खाली कानडी. लहानपणी निपाणीत घरासमोर अशीच होती. आज संपादक म्हणाले, "बाई, ती खालची ओळ काढा की. सीमेच्या वादानं लोक लई चिडल्यात."

"आप्पांचं दुकान आहे हो ते."

"चित्रातलंच न्हवं? कुणाला काय कळतंय!"

कळतं. माझ्या भावानं जपानहून एका लांबलचक चित्रकथेचे, तिकडं मांगा म्हणतात, चौदा भाग आणलेत. त्यातलं एकही अक्षर मला वाचता येत नाही. पण तिसऱ्या भागातल्या वादळात एका दुकानाची फळी मोडते, आणि दहाव्यातही तिथं वेगळ्या लाकडाचा तुकडा दिसतो. कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्यामुळेच त्या गल्लीत राहून आल्यासारखं वाटतं. तिथली पाटीसुद्धा मला वाचता येत नाही, तरी दुकान ओळखते मी.

हे संपादकांना सांगितलं का? नाही. "बरं" म्हटलं. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे सिस्टरांनी कॉन्व्हेंटमध्ये पक्कं शिकवलंय. आणि हे संपादक तर माझ्याहून वीस वर्षांनी लहान!

या आठवड्याच्या चित्रातल्या पाटीवर पांढरा रंग दिलाय. खालची कानडी अक्षरं अजून पुसट दिसताहेत. आप्पा त्यांच्याखाली नेहमीसारखे हसताहेत. वाळलं की दुसरा हात द्यायचा. तोही मीच.