ओटीतलं बी

रविवार, १२ जून १९९४

घर मिळालं. माझी बदलीची शाळा उद्या उघडणार आणि माझ्या ट्रंका अजून घनसावंगीच्या स्टँडवरच पडलेल्या होत्या, इतकं जल्दी काम झालं. यंदा जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हापासून तर घर बघायला गेलं की पाण्याच्या आधी आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की मंग खोलीत कांदे भरायचे असतात, न्हाईतर पोरगा शहरातून येणार असतो. या सगुणाबाईंनी आडनाव विचारलंच न्हाई. माझ्या पोटाकडं बघून कितवा म्हणाल्या. चौथा लागला असं सांगताच कमरेची किल्ली काढून देवानंदच्या हातात दिली. देवानंद म्हणतो, बेबीनंदा, पोरानं जन्मायच्या आधीच बापाचं काम केलं.

बाई साठीच्या, विधवा, एकट्याच राहतात. आम्हाला पुढच्या दोन खोल्या. मागं अंगण आणि त्याला तारेचं कुंपण. अंगणात एक वाफा आधीच खणून, ढेकळं फोडून तयार ठेवलेला आहे. मी तर तिथंच बसकण मारली. माझा सगळा खजिना म्हणजे बी. औषधाच्या रिकाम्या डब्या, आगपेट्या, पाकिटं, सगळ्यांवर नावं. दुहेरी पाकळीची गोकर्ण, कृष्णकमळ, आष्टीच्या बाजारात एका म्हातारीनं दिलेली हिरवट शेवंती. कळलावी घरात लावू नये, भांडणं होतात म्हणतात. मी चार वर्षं लावली. देवानंदशी जेवढं भांडण आधी व्हायचं तेवढंच झालं.

तो उद्या पहाटेच्या गाडीनं जालन्याला जाईल. एसटीच्या वर्कशॉपमधली नोकरी, दर शनिवारी येणार. मला करमेल. वाफा आहे.

रविवार, १९ जून

आज सगुणाबाईंनी माझी ओटी भरली. आधी दारात उभ्या राहून चाचरत होत्या. विधवेच्या हातची ओटी कोणी घेत न्हाई, तुला चालेल का, असं खालच्या आवाजात विचारलं. मला फार वाईट वाटलं. आमच्या बाबांनी घरातले देव काढले, ओट्याबिट्या बंद केल्या, पण विधवेला बाजूला बसवायचं न्हाई हेही त्यांनीच शिकवलं. मी सरळ पदर पसरला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

खण, नारळ, ओंजळभर गहू. आणि गव्हात मिसळलेलं बी. असं बी मी जन्मात बघितलं न्हाई. हरभऱ्याएवढं, काळंभोर, एका टोकाला पांढरा ठिपका. भोपळ्यात राखेत ठेवलेलं होतं त्यांनी, कीड लागू नये म्हणून आपल्याकडं ठेवतात तसं. गव्हालाही राख लागलेली. त्यांच्या लेकीचं आवडतं फूल आहे म्हणाल्या. तुझ्याच हातानं लाव, पाणीही तूच घाल, दुसऱ्याचा हात लागू देऊ नको. आणि ओटीचे गहू वाटायचे न्हाईत, ज्या बाईची ओटी तिनंच खायचे.

संध्याकाळच्या आत वाफ्यात अकरा बिया टोकल्या. राखही सोबतच टाकली, खत होईल. गहू धुऊन, भरडून खीर केली. थोडी करकरली दाताखाली, पण चांगली झाल्ती.

बुधवार, २२ जून

तिसऱ्या दिवशी अकराच्या अकरा उगवल्या. माझं बाकीचं बी अजून झोपलेलं. सगुणाबाईंना हाक मारून दाखवलं तर त्या वाफ्याशेजारी मटकन खाली बसल्या. सात वर्षं यातलं एकही बी रुजलं न्हाई म्हणे त्यांच्या हाताला. माझा हात चांगला आहे हे मला माहीत आहे, पण कोणी म्हटलं की बरं वाटतं.

रविवार, १७ जुलै

रोपं गुडघ्याला लागली. पानं मऊ, लव असलेली. सगुणाबाई रोज येतात, एकेका रोपावर हात फिरवतात आणि मंग तोच हात माझ्या पोटावर ठेवतात. पहिल्यांदा मला संकोच वाटला. आता सवय झाली. एकटी बाई, लेक गेलेली, कोणावर माया करणार. लेकीचं नाव उषा होतं. कशी गेली ते विचारलं तर भाकरी तव्यावर आहे म्हणून उठून गेल्या.

रविवार, ३१ जुलै

बाळ हललं. देवानंदचा हात धरून पोटावर ठेवला तर तो घाबरून मागं सरला आणि मंग दिवसभर हसत होता. तीन वर्षं वाट बघितली आम्ही. मागच्या खेपेला दुसऱ्याच महिन्यात गेलं. हे राहू दे. मला दुसरं काही नको.

रोपांना कळ्या आल्या.

सोमवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आले तर फुलं उमललेली. बाराच्या सुमाराला. रंग कणकेच्या उंड्यासारखा, आत खोलवर लाल. आणि वास. मी तिथं किती वेळ उभी होते माहीत न्हाई, हा वास कुठं घेतलाय ते आठवत. मंग आठवलं. ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, तेल, हळद, दूध. बाळंतिणीच्या खोलीचा वास आहे तो. फुलाला असा वास कसा येईल.

तिनाला फुलं मिटली. मला वाटलं होतं ती सूर्याकडं तोंड करतील. ती अकराही माझ्या खिडकीकडं वळलेली आहेत.

रविवार, २१ ऑगस्ट

हे नीट लिहून ठेवते, म्हणजे माझं मलाच हसू येईल.

फुलं उमलली की बाळ हलायचं थांबतं. बारा ते तीन, बिलकुल न्हाई. फुलं मिटली की पुन्हा सुरू. सहा दिवस झाले, घड्याळ लावून बघून राह्यले. आज दुपारी वाऱ्याचं नाव नव्हतं, पानही हलत नव्हतं, आणि मधलं मोठं फूल मात्र मधूनच थरथरत होतं. मी ते ओंजळीत धरलं. आतून लाथ बसली. मला ओळखीची आहे ती लाथ, डाव्या बाजूची.

देवानंदला सांगितलं. तो म्हणाला दुपारी झोपत जा.

बुधवार, २४ ऑगस्ट

उपकेंद्रात गेल्ते. सिस्टरनं नळी लावली, खूप वेळ ऐकलं, जागा बदलून ऐकलं, आणि मंग चहा मागवला. साडेबारा वाजले होते. मी म्हटलं, तिनानंतर ऐका. चारला ठोके बराबर लागले. सिस्टर म्हणाली बाळ फिरलेलं असेल. तिच्या कपाळावर घाम होता.

शनिवार, २७ ऑगस्ट

आमच्या शाळेत शिपाईण आहेत पुष्पाबाई. इतके दिवस त्या माझ्या घरचं पाणी पीत नव्हत्या, मला वाटलं जातीमुळं. मी मनात राग धरला होता. आज कळलं ते या घरामुळं होतं. दुपारी वर्गात कोणी नव्हतं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

उषा याच घरात गेली, माझ्याच खोलीत. सातवा लागला त्या आठवड्यात, पोटातल्यासकट. यांच्यात माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर जे उमटतं त्यावरून गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते बघतात. उषाच्या पिठावर फूल उमटलं होतं. आणि फुलाच्या मधोमध काळं बी पडलेलं होतं. रक्षा गोदावरीत सोडायला नेली, पण सगुणाबाईंनी त्यातली ओंजळभर मागं ठेवली. भोपळ्यात.

गरवार बाईनं ओटीत घेऊन लावलं तरच ते बी रुजेल असं त्यांनी डोक्यात घेतलं. गावातली कोणी बाई त्यांच्यापुढं पदर पसरेना. सात वर्षं त्या परक्या बाईची वाट बघत होत्या, जिला घरात कोणी अडवणारं न्हाई.

म्हणून आडनाव विचारलं न्हाई.

मी ती राख वाफ्यात घातली. ते गहू खाल्ले. खीर केली मी त्यांची. करकरलेलं ते काय होतं. दोनदा ओकारी आली. बाबांनी शिकवलं त्यात चूक न्हाई, पदर मी माणुसकीनं पसरला होता, आणि या बाईनं नेमकं तेच हेरलं. मला तिचा इतका राग आलाय की भीती वाटायला जागा नको होती. तरी वाटतेय.

सोमवार, २९ ऑगस्ट

विळा घेऊन गेले. एकच फूल कापलं. देठातून पांढरा चीक आला आणि त्याच क्षणी पोटात अशी कळ आली की मी चिखलात बसले. लुगडं लाल झालं. सगुणाबाई आपल्या खोलीतून रडत पळत आल्या, मी हाकही मारली नव्हती. फुलाचं तुटलेलं देठ त्यांनी पदरानं बांधलं. रक्त थांबलं.

कापायचं न्हाई. उपटायचं न्हाई.

रविवार, ४ सप्टेंबर

देवानंदनं मला जालन्याला न्यायचं ठरवलं. त्यानं रक्तानं भरलेलं लुगडं बघितलं, आता हसत न्हाई. जीपमध्ये दाटीनं बसलो. गावाची शीव ओलांडली आणि बाळ थांबलं. सकाळचे नऊ वाजले होते, फुलं मिटलेली असतात तेव्हा. घनसावंगीच्या अलीकडं पोट थंड पडायला लागलं, पाण्याच्या माठासारखं. देवानंदचा हात तिथं ठेवला. त्यानंच ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितली.

चालत परत आलो. अंगणाच्या तारेपाशी येताच बाळ हललं. देवानंद रस्त्यात उकिडवा बसून रडला. मी त्याला असं रडताना कधी बघितलं न्हाई.

न्यायचंही न्हाई.

गुरुवार, ८ सप्टेंबर

फुलं गळाली. अकरापैकी दहा रोपं वाळली. मधल्या मोठ्याला बोंड धरलंय, नारळाएवढं झालंय, रोज मोठं होतंय.

माझं पोट उतरलंय. परकराची नाडी आज चार बोटं आत घ्यावी लागली. बाळ आता दिवसभर थांबतं, सकाळी थोडंसं हलतं. बोंड मात्र हलतं.

सगुणाबाई कुंची शिवून राह्यल्या. तान्ह्या लेकराची, लाल कापडाची. आज ती त्यांनी बोंडाला बांधली, ऊन लागू नये म्हणून. भोपळा धुऊन उन्हात ठेवलाय. रिकामा झालाय, पुन्हा भरेल म्हणाल्या. आणि माझ्याकडं बघून गोड हसल्या.

रविवार, ११ सप्टेंबर

सकाळी वाफ्याशेजारी टोपली पालथी. खाली दिवा, पीठ. पिठावर लेकराचं पाऊल, अंगठ्याएवढं. पाची बोटं.

ती टोपली मेलेल्यासाठी ठेवतात. कोण मेलंय. मी विचारलं. सगुणाबाई म्हणाली, मेलं न्हाई बाई, उषा निघालीय.

देवानंद रजा काढून इथंच थांबलाय. त्याला म्हटलं बोंड फोडू या. तो म्हणाला आत आपलं असलं तर.

मंगळवार, १३ सप्टेंबर

सातवा लागला.

पोट न्हाई. सपाट. दुखलं न्हाई, काही पडलं न्हाई, रक्त न्हाई — सिस्टरनं नळी लावली आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

अंगाला वास येतोय. ओवा, शेपा. धुतलं तरी जात न्हाई. ऊन आलं की माझी मान आपोआप —

बुधवार, १४ सप्टेंबर

देवानंद डॉक्टरला आणायला गेलाय. सकाळीच. अजून न्हाई.

बारा वाजले. बोंड फुटलं. इथं खाटेवर ऐकू आलं.

रडून राह्यलं. लेकरू. खरंच लेकरू — मला पान्हा फुटला, चोळी भिजली — चीक आहे. पांढरा, चिकट.

माझं आहे ते. डाव्या बाजूची लाथ मला माहीत आहे. तिनं उचललं, उषा उषा म्हणून राह्यली — माझं आहे, मी नऊ — सात —

उठले. पदरातून काहीतरी सांडलं. बी. काळं. ओंजळभर. कुठून —

दारात पीठ पसरलंय. उंबरठ्याभर. तिनं पसरलं असेल. पसरू दे. लेकराला घेते आणि देवानंदच्या वाटेला लागते.

पाऊल ठेवलं. उचललं.

पाऊल उमटलं न्हाई. पिठावर फूल —

दुसरं ठेवून बघते. हात भिंतीला, वही हातात. बाहेर ती त्याला जोजवतेय, ते गप झालंय, तिच्याकडंच बघून राह्यलंय, माझ्याकडं बघ रे — ठेवलं पाऊल —

पुन्हा फू