त्या पावसातलं ताक

आई, मला ताकाबद्दल लिहायचं आहे. तू होतीस तोवर आपण दोघींनी या विषयाला कधी हात घातला नाही.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. कोपरीतल्या आपल्या त्या दोन खोल्या, भिंतींना ओल, दोरीवर बाळाची न वाळणारी दुपटी. पाऊस मुरला की आळीतल्या तान्ह्या मुलांच्या छात्या वाजायला लागायच्या. या दुखण्याला डबा म्हणत. बायका म्हणायच्या, डब्याचे दिवस आले. दरवर्षी गणपतीच्या आगेमागे ते यायचेच आणि कुणाला त्याचं नवल वाटायचं नाही. त्या वर्षी मी पहिलीत होते. निम्मा वर्ग शेंबडा, त्यात मीही. मग आपलं बाळ खोकायला लागलं, दूध ओढेना, त्याचं पोट भात्यासारखं उडायला लागलं. तू ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्याच्या छातीला लावते आहेस. बाबा डॉक्टरांना घेऊन येतात. डॉक्टर छाती तपासतात आणि बाबांना बाहेर बोलावतात. दुसऱ्या दिवशी बाळ गेलं.

टिटवाळ्याहून आत्या आली. माझ्या नाकाकडे बघून म्हणाली, "हिचंच पडसं लागलंन त्याला. कशाला जवळ जाऊ दिलंस?" तू ताडकन म्हणालीस, "नाही हो वन्सं, तिचं काही नाही. मीच ताक प्यायले." आत्याला तेवढं पुरलं. "अंगावर पाजणारी बाई तू, आणि भर पावसात ताक पितेस?" मग ते ताक तिनं कल्याणपर्यंतच्या सगळ्या गोतावळ्यात वाढलं, या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुठल्याही कार्याला गेलो की पंगतीत कुणीतरी बोलायचंच. तू मान खाली घालून जेवायचीस. मला आत्याचा नाही, तुझा राग यायचा.

गेल्या महिन्यात माझी चार महिन्यांची नात डोंबिवलीच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. तसंच उडणारं पोट. मी सुनेला विचारलं, "काही थंड खाल्लेलंस का गं?" तर डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, आईच्या खाण्यानं नाही होत हे. विषाणू असतात, दरवर्षी पावसात येतात. मोठ्या मुलांना नुसती सर्दी होते, तान्ह्यांच्या मात्र छातीत उतरते. बहुतेक वेळा मोठं भावंडच शाळेतून घेऊन येतं." घरी येताना रिक्षात मला एकदम आठवलं, त्या आठवड्यात पावसानं दूधवाला फिरकलाच नव्हता. आपण सगळे कोरा चहा पीत होतो. मग ताक कुठलं, आई?

नात बरी होऊन घरी आली. पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिच्या पाच वर्षांच्या भावानं, माझ्या नातवानं, दवाखान्यात माझं बोट धरून ऐकलं होतं. नाक ओढत माझ्याजवळ आला. "आजी, बाळाला माझ्यामुळे झालं?" विचार करायला वेळच नव्हता. मी म्हटलं, "नाही रे राजा, मीच पंखा जोरात ठेवलेला." त्यानं माझ्याकडे जे बघितलं ना! "तू असं का केलंस?" म्हणाला आणि उठून गेला. दुपारी माझ्या शेजारी जेवायला बसला नाही. बाळ सुखरूप पाळण्यात होतं, तरी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुझा तर पाळणाही रिकामा होता.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एवढं लिहिते. बाळ गेल्यावर मी तुझ्याजवळ झोपणं सोडलं. अंथरूण उचलून बाबांच्या बाजूला नेलं. तू काही विचारलं नाहीस, कधीच नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं, तुझ्या ते लक्षातच आलं नाही.