तिसरा डावा पंख

प्रिय खारूताई,

तू माझ्यावर रागावली आहेस, आणि रागावायलाच हवंस. तुझी रजा संपत आलीये, जावईबापूंची पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची, पाळणाघर तुला पसंत नाही, आणि बाप निवृत्त होऊन घरी बसलेला. बाळाला दिवसभर सांभाळाल का, असं तू हक्कानं विचारलंस आणि मी काय म्हणालो, तर विमान अर्धवट आहे, ते झालं की बघू. फोन ठेवण्याआधी तू म्हणालीस, बाबा, नातीपेक्षा तुम्हाला ते लाकडाचं विमान जास्त झालं. तुझा तो समज मला सोयीचा वाटला, आणि याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आता आधी विमानाचंच सांगतो. टाळाटाळ म्हण हवं तर. आजवर रिमोटवर उडवायची किती विमानं केली, पण एवढं मोठं हे पहिलंच. आपल्या बाहेरच्या खोलीत नकाशा उलगडला तर दारापासून खिडकीपर्यंत कागदच कागद. तुझी आई त्यावरून पाय उचलून उचलून चालायची आणि म्हणायची, आता स्वयंपाकघरात जायलाही परवाना काढावा लागेल. विमान जुन्या पद्धतीचं, कसरतीचं. गिरक्या, कोलांट्या, उलटं होऊन मैदानावरून जाणं, सगळं करणारं. जुनं दार दोन स्टुलांवर आडवं टाकून त्यावर सांगाडा जुळवला. धड असं सरळ आलं की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. शेपूटही झोकात जमली. मला वाटायला लागलं, हात अजून शाबूत आहेत.

मग पंख घेतले. तुला माहीत आहे, नकाशात पंख एकच काढलेला असतो, डावा. उजव्यासाठी तोच कागद पालथा घालायचा. पालथ्या कागदातून रेघा दिसाव्यात म्हणून त्याला गोडंतेल चोळायचं काम लहानपणी तुझं असे. तू कोपरापर्यंत तेलकट व्हायचीस आणि पडद्याला हात पुसायचीस. ओरडा मात्र मला बसायचा, कारण तू तोवर झाडावर चढलेली असायचीस. खारूताई नाव काय उगाच नाही पडलं.

आम्ही विमानं उडवतो त्या मैदानावर एक चष्मेवाला येतो. त्यानं पहिल्या विमानाला चक्क दोन डावे पंख केले होते. कागद पालथा घालायचाच विसरला. त्याचं 'डावखुरा' हे नाव मीच पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की आता त्याची बायकोसुद्धा त्याला तशीच हाक मारते. नवीन माणूस आला की मी हा किस्सा रंगवून सांगायचो. कारखान्यात जन्मभर नकाशे वाचून साचे केले, डावं-उजवं ओळखण्याच्या पगारावर तुझं शिक्षण झालं, तेव्हा थोडा तोरा होताच.

आणि आता माझे पंख धडाला लावायला घेतले, तर दोन्ही डावे. एकाची फुगीर बाजू वर, दुसऱ्याची खाली. मी स्वतःच मैदानावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, म्हणजे दुसऱ्या कोणी हसायच्या आत आपणच हसून घ्यावं. डावखुऱ्यानं खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, आलात एकदाचे आमच्या पंगतीला. काम करणाऱ्याच्याच हातून चुका होतात, असं म्हणून मीही हसलो. खरंच हसलो. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

पुन्हा उजवा पंख करायला घेतला. या वेळी डोळ्यांत तेल घालून, आणि कागदालाही. पण त्या आठवड्यात आई एकदा म्हणाली, अहो, तेलाची बाटली इतक्या लवकर कशी संपली, तुम्ही पिता की काय? मी चिडलो. मग कागद उचलून पाहिला, तर खालचं दारसुद्धा तेलानं निथळत होतं. म्हणजे मी रोज सकाळी त्याला नव्यानं तेल चोळत होतो. आदल्या दिवशी पालथा घातलेला कागद सकाळी मला उलटा वाटत असणार, आणि मी तो सरळ करत असणार. असणार असं म्हणतो, कारण मला यातलं काहीच आठवत नाही.

पंख पूर्ण झाला. आईनं तिन्ही पंख भिंतीला टेकवून उभे केले आणि म्हणाली, ही तर तिळी भावंडं दिसतात. तिला विमानातलं ओ की ठो कळत नाही, पण तिला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. ती हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. मी तिसरा पंख मोडून माळ्यावर टाकला. डावखुऱ्याला सांगितलं की लाकूड दमट निघालं, पंख पिळवटला. तो बरं म्हणाला. ज्या माणसाची मी वर्षानुवर्षं टर उडवली, त्यानं मला एक प्रश्नही विचारला नाही, आणि मी मान खाली घालून घरी आलो.

हे इथवरच असतं तर तुला कळवलंही नसतं. म्हातारपणाचा विसराळूपणा म्हणून दडपून टाकलं असतं, तेवढा मी पक्का आहे. पण विमानावर रंगीत कागद चढवायची ती छोटी इस्त्री आठवते ना? आई शाळेच्या ऑफिसातून घरी आली तेव्हा खोलीत धूर भरला होता. इस्त्री स्टुलांवरच्या त्या दारावर आडवी पडून लाकूड आतपर्यंत जळत गेलं होतं. मी बाहेर कुठे गेलो नव्हतो, खारूताई. मी त्याच खोलीत खुर्चीवर बसून शेपटीला घासकागद मारत होतो. आईनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि माझे हात धरून रडली. मी तिलाच विचारलं की कशाचा वास येतोय.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला.

नंतर आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. तरुण आहेत, मला काका म्हणतात. त्यांनी एकमेकांवर चढलेल्या दोन चौकटी दाखवल्या आणि तशाच काढायला सांगितल्या. मला जमल्या नाहीत. विस्मरणाचा आजार आहे, सुरुवात आहे, असं ते म्हणाले. बरा होत नाही, गोळ्यांनी थोडा रेंगाळतो. आई तुला फोन करायला निघाली होती, मीच अडवलं. फोनवर माझा धागा तुटतो आणि मी तो सापडल्याचं नाटक करतो. पत्र आईनं वाचलंय. एकच गोष्ट मी दोन ठिकाणी लिहिली होती, तिथं तिनं खूण केली आणि मी खोडली.

तर हे लिहिण्याचं कारण. बाळाला पाळणाघरात ठेव. ती आता रांगते, दिसेल ते तोंडात घालते, आणि माझ्या घरात टाचण्या, पाती, गोंद आणि मी. तिला भेटायला आण, माझ्या मांडीवर बसव, पण एकट्या माझ्यावर सोडून दाराबाहेरसुद्धा जाऊ नकोस. आज मला हे कळतंय म्हणून आजच लिहितोय. पुढे एखाद्या दिवशी मीच तुला फोन करीन, मला काही झालेलं नाही म्हणीन, नातीला आण म्हणून हट्ट धरीन, रडीन, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही म्हणून वाटेल ते बोलीन. तो आवाज माझाच असेल आणि तुला माझी दया येईल. त्या दिवशी माझं ऐकू नकोस.

तुझाच,
आज शुद्धीवर असलेला,
बाबा