कोपऱ्यावरच्या पबमधली काळी बिअर

प्रिय भिंगरी,

माझं अक्षर पाकिटावर पाहून तुला वाईट बातमीची शंका आली असेल, म्हणून आधीच सांगते: सगळे जिवंत आहेत. बाबा ठणठणीत आहेत, गुडघा सोडून. त्या गुडघ्याची ते इतकी बडदास्त ठेवतात की येणारा-जाणारा आता आधी त्याची चौकशी करतो, मग बाबांची. तुमच्या कारखान्याचं घुबडाचं लेबल त्यांनी फ्रिजवर चिकटवलंय ते तसंच आहे. परवा नळ दुरुस्त करणारा आला, त्यालाही हाताला धरून घुबडासमोर उभा केला. आमच्या मुलीची बिअर, म्हणाले. स्वतः बाटलीच्या वासानेच शिंकतात, पण अभिमानाला चव लागत नाही बहुतेक.

त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही. तू हल्ली फोन त्यांना करतेस, शेवटी ‘आई बरी आहे ना’ एवढं विचारतेस आणि ठेवतेस. पोर कामात बुडाली आहे, असा अर्थ त्यांनी लावलाय. अर्थ लावणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, पण त्यांचा हा अर्थ मी दुरुस्त केला नाही.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर मी विनोद करते आणि निसटते. कागदावरही करीनच, सवय आहे. पण मी कुठल्या ओळीतून सटकले ते इथे तुला मागे जाऊन बघता येईल.

त्या दिवशी मी त्या पबमध्ये कशी उगवले, हे तुला ठाऊक नाही. तू आनंदाने सांगितलं होतंस की आमची काळी बिअर तुमच्या कोपऱ्यावरच्या पबने घेतली. मी ‘हो का, छान’ म्हणाले आणि तुझा खोकला गेला का ते विचारलं. तुला वाटलं असेल, हिला काही पडलेलं नाही. खरं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून येताना मी त्या दारावरून मुद्दाम हळू चालू लागले. पूर्वी तिथे वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, आठवतं? आता सगळीकडे काच, पितळी नळांची चकाकती रांग, दाराशी माणसाच्या उंचीची झाडं, आणि दिवे असे मंद की आत बसलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात नुकतंच काहीतरी गूढ घडून गेलंय असं वाटावं. तू केलेलं काहीतरी तिथे आत मिळतंय आणि मी कापडी पिशवी घेऊन बाहेर उभी आहे, हे मला सहन होईना. आणि एकटीने आत जायचा धीरही होईना.

मग मी आडोसा म्हणून आमचं शब्दकोशाचं ऑफिसच बरोबर घेतलं. ‘क’ अक्षराचा खंड छापायला गेला होता. संपादक सगळ्यांना चहा पाजणार होते. सगळे म्हणजे मी आणि आमच्या मुद्रितशोधक बाई. मी म्हटलं, चहा कसला, कोपऱ्यावरच्या पबमध्ये जाऊ. ‘किण्व’, म्हणजे यीस्ट, हा शब्द आपण मोठ्या तोऱ्यात छापला, पण किण्वाने केलेली करामत एकानेही चाखलेली नाही; पुढे ‘यवसुरा’, म्हणजे बिअरच, यायची आहे, तेव्हा काय तोंड दाखवणार? संपादकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. पण आले दोघंही, आणि पाय माझ्यापेक्षा भरभर टाकत होते.

आत भिंतभर फळा, त्यावर खडूने बिअरींची नावं, प्रत्येकीपुढे तिच्या कारखान्याचं चित्र. घुबड मला दारातूनच दिसलं. वाढायला आलेल्या दाढीवाल्या गृहस्थांनी आमची वयं पाहून प्रेमाने सुचवलं की आधी थोडी थोडी चाखून बघा, आणि लाकडी फळीच्या खळग्यांत बसवलेले छोटे ग्लास आणून ठेवले, फिक्यापासून गडदपर्यंत. गव्हाची ढगाळ होती, लिंबाच्या सालीसारखी वासाला. आंबट बिअरने बाईंचे डोळे मिटले ते बराच वेळ उघडेनात. कडूबद्दल संपादक म्हणाले, चूक एकही नाही, पण मजकूर फार आहे. मग शेवटची, काळी.

इथे एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. ऑफिसातून निघतानाच मी मनाशी ठरवलं होतं: चांगली निघाली तर यांना सांगायचं, ही माझ्या मुलीने केलीय, बरी नसली तर गप्प बसायचं. आईने असा सौदा करू नये. पण केला होता.

कारण ऑफिसात मी काय सांगत आलेय ते तुला माहीत नाही. ‘मुलगी अन्नतंत्रज्ञानात संशोधन करते.’ वाक्यात खोटं काही नाही, फक्त बिअर नाही. संपादक अधूनमधून विचारायचे, संशोधन कुठवर आलं? मी म्हणायची, आंबण्याच्या प्रक्रियेवर चाललंय. ते आदराने मान हलवायचे, आणि तो आदर मी तुझ्या नावावर घेऊन स्वतःच्या अंगावर घालायची.

आणि काळी चांगली निघाली गं. नुसती चांगली नाही. भाजलेल्या जवाचा वास, मग किंचित कडवटपणा, आणि गिळल्यावर मागे राहणारा एक गोडवा, इतका हलका की खरंच होता की आपण कल्पना केली, असं वाटावं. संपादकांनी लगेच दुसरा घोट घेतला. मी मात्र सुटले. सहा रसांपैकी पाच हिच्यात कसे नांदतात यावर मी असं काही भाष्य झोडलं की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. आता सांगते, एवढा घोट संपला की सांगते, असं माझं आतल्या आत चाललं होतं. तेवढ्यात दाढीवाले म्हणाले, ही ज्यांनी केलीय त्या आज इथेच आहेत, मागे नळांच्या पाइपांची सफाई करतायत, बोलावू का? संपादक म्हणाले, अवश्य.

तू आलीस. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बाह्या ओल्या, केसांना फडकं, हात पुसत पुसत. मला पाहिलंस आणि तुझा चेहरा उजळला. लहानपणी शाळेच्या फाटकाशी मी अवचित दिसले की व्हायचा, अगदी तसा. तोंड उघडलंसुद्धा होतंस. आणि मी घाईघाईने म्हटलं, “फार छान झालीय हो तुमची बिअर.”

तुझं हसू गेलं नाही. जागच्या जागी राहिलं, फक्त ते गिऱ्हाइकासाठीचं झालं. “थँक्यू मॅडम,” म्हणालीस. “थोडी कमी गार असली की आणखी चांगली लागते.” मग संपादकांना दोन गोष्टी नीट समजावल्यास, बाईंच्या विनोदावर हसलीस, आणि आत गेलीस. मला उघडं पाडणं तुला एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तू वापरला नाहीस. मी उरलेला ग्लास संपवला, आणि तो शेवटपर्यंत तितकाच चांगला लागत होता. ही त्यातली सर्वात लाजिरवाणी गोष्ट.

कशाची लाज वाटली मला, हे मी स्वतःला वकिलासारखं उलटसुलट विचारून पाहिलंय. बिअरची नाही, मी तीच पीत होते. बुटांची नाही, तुझ्या आजोबांनी जन्मभर छापखान्यात शाईने हात काळे केले आणि ते मी मिरवत आले. लाज वाटली ती माझं ते सुबक वाक्य चारचौघांत फुटेल याची. एका वाक्याची अब्रू राखायला मी तुला परकी केलं. त्याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही, आणि शोधायचाही नाही.

आता हे पत्र का, ते. संपादक निवृत्त होतायत. निरोपाच्या कार्यक्रमाला त्यांना हारतुरे नकोत, ती काळी बिअर हवीय. काल मला म्हणाले, तुमची भाषा बरी आहे, त्या बिअरवाल्या बाईंना चार ओळी लिहा, त्यांनी स्वतः यावं अशी माझी इच्छा आहे म्हणावं. मी कागद ओढला, ‘महोदया’ लिहिलं, आणि पुढे हात चालेना. उठून त्यांच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं की ती माझी मुलगी आहे. मला वाटलं होतं, ते हसतील, नाहीतर रागावतील. त्यांनी चष्मा काढला, जरा वेळ पुसत बसले आणि एवढंच म्हणाले, “मग तिला आपल्यात बसवून का नाही घेतलंत?” त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, पत्र तुम्हीच लिहायचं आहे.

तर ही ती मागणी: काळ्या बिअरचं एक पिंप, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी, आमच्या ऑफिसात. तुला यायचं नसेल तर पिंप तेवढं पाठव. म्हाताऱ्याचा यात काही दोष नाही. आलीस तर बाबाही असतील, गुडघ्यासकट, आणि त्यांना तोपर्यंत मी सगळं सांगितलेलं असेल. मी तुझ्याकडे येऊन सगळ्यांदेखत तुझं नाव घेईन. त्यावर ‘या बाई कोण’ असं तू विचारलंस, तर मी विनोद करणार नाही आणि निसटणारही नाही. तिथेच उभी राहीन.

तुझीच (असं लिहायची मुभा अजून असेल तर),
आई