तिसाव्या मिनिटाला तुटणारं गाणं

मृत्युपत्र

मी, जयवंता, कैलासवासी बळीराम हरीभाऊ धकाते यांची पत्नी, वय वर्षे अडुसष्ट, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने आणि माझ्याच मर्जीने लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर आहे. डॉ. दीपमाला उमरेडकर यांनी परवा मला तारीख, वार आणि शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. मी सगळे बरोबर सांगितले, शिवाय त्यांच्या बीपीच्या यंत्राची नळी फाटली आहे हेही सांगितले. त्यांनी दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. मला कुणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. नणंदेने एकदा प्रयत्न केला होता, तो जमला नाही.

मी चौथी पास आहे. पुढचे शिक्षण कॅसेटच्या कव्हरांवर झाले. दुकानात गाण्यांच्या याद्या लिहिता लिहिता अक्षर वळले, मग वाचनालयातली पुस्तके सुरू झाली ती आजवर थांबली नाहीत. त्यामुळे कायद्याची भाषा जिथे चुकेल तिथे ॲड. नीला चाफले यांनी दुरुस्त करावी. बाकीच्या भाषेला हात लावू नये.

कलम १. तांडापेठेतील राहते घर, दोन खोल्या आणि वरची गच्ची, पतींच्या पश्चात माझ्या नावावर झालेले, हे माझी एकुलती एक मुलगी हर्षा हिला द्यावे. गच्चीवरचा जुना कूलर तिने भंगारात घालू नये. पत्रा गेला आहे, पण मोटर अजून दोन उन्हाळे काढेल.

कलम २. बँकेत जे काही असेल ते आणि माझ्या पाटल्याही हर्षालाच. पुस्तके तांडापेठेच्या वाचनालयाला. माझी नणंद सिंधूताई हिला पाणी भरायचा पितळेचा मोठा गुंड द्यावा. तो तिने तिच्या मोठ्या मुलाच्या बारशाला नेला आणि त्या मुलाला आता टक्कल पडले, तरी परत आणलेला नाही. म्हणजे तो द्यायला कुणाला कष्ट पडणार नाहीत. आजपासून तो तिचा आहे, तिने आता मी गेल्यावर तो आतल्या खोलीत लपवू नये.

कलम ३. हत्यारे. दोन कॅसेटींचा सोनी डेक, हेड पुसायची काडी, बारीक पेचकस पाच, ब्लेडचा डबा आणि टेप सांधायची खाच असलेली पितळी पट्टी. हे सगळे आमच्या गांधीबागेतल्या दुकानाशेजारी रेडिओ दुरुस्त करणारे चंपतराव यांना द्यावे. टेप सांधायला मला पतींनी शिकवले असे लोक समजतात. तसे नाही. माझे वडील कोष्टी, मागावर साड्या विणायचे. तुटलेला धागा गाठ न दिसता कसा जोडावा हे मी सातव्या वर्षी त्यांच्याकडे शिकले. टेप त्याहून सोपी, ती निदान घामाने चिकटत नाही. चंपतराव याला हसतील. हसू द्यावे, पण पट्टीला तेल लावू देऊ नये.

कलम ४. हे कलम मिळकतीचे नाही. घर आणि पाटल्यांसाठी मला कागद लागला नसता, एकच मुलगी आहे, सगळे तिलाच गेले असते. कागद लागला तो यासाठी.

आमचे दुकान होते बळीराम रेकॉर्डिंग. लोक यादी आणायचे, आम्ही गाणी भरून द्यायचो. १९९१ च्या मे महिन्यात चार मुले आली. त्यांचा रॉक बँड होता, नाव नवतपा, मे अखेरच्या नऊ तापल्या दिवसांवरून. त्यांनी अल्बम केला होता, ‘सत्तेचाळीस डिग्री’. मुंबईच्या कंपनीला पाठवायला त्यांना तीन प्रती हव्या होत्या. मूळ कॅसेट काउंटरवर ठेवताना त्यांच्यातला गाणारा, अंकुश गेडाम, म्हणाला, “भाऊ, चौथी प्रत कोणालेच नाही. जीव हाय आमचा त्याच्यात.”

हे जेवायला घरी गेले होते. प्रती मी भरल्या. तोवर मी भजने ऐकली होती, सिनेमाची गाणी ऐकली होती. ‘मले’ आणि ‘तुले’ म्हणणारे गाणे गिटारीवर मी पहिल्यांदा ऐकले. आम्ही घरात बोलतो तसे कुणी गाऊ शकते हेच मला माहीत नव्हते. तीन प्रती झाल्यावर मी चौथी भरली, माझ्यासाठी. नव्वद मिनिटांच्या कॅसेटी यांनी मोजून ठेवलेल्या असत, म्हणून साठची घेतली. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांत संपते. पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे ‘कन्हानचा पूल’. त्यात “पुलाच्या त्या टोकाले कोण” इथवर आले आणि माझी टेप संपली.

ती कॅसेट मी माझी भाची सोनिका हिला आठ दिवसांसाठी दिली. ती होस्टेलवर राहायची. आठ दिवसांत होस्टेलच्या सगळ्या खोल्यांत गाणी पोचली आणि पावसाळा लागेपर्यंत कन्हान, कामठी, कळमेश्वर सगळीकडे. मुंबईचा माणूस सही घ्यायला आला, तेव्हा स्टेशनबाहेरच्या पानठेल्यावर तीच गाणी वाजत होती. जे रस्त्यावर फुकट ऐकू येते ते आम्ही काय विकणार, असे म्हणून तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी अंकुश दुकानात आला. बाजार भरलेला होता, कपड्याचे व्यापारी गाद्यांवरून उठून बघायला आले.

“तुमच्याशिवाय कोणाच्याच हाती दिली नव्हती कॅसेट! चोर हाय तुमी, बळीरामभाऊ! चोर!”

त्याने पानठेल्यावरची कॅसेट आणली होती. यांनी ती डेकमध्ये घातली. “कोण” वर गाणे तुटले तेव्हा यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले. मी चहाचा पेला हातात घेऊन उभी होते. मग ते अंकुशला म्हणाले, “हाव गा. माझ्याच हातून झालं. माफ कर.”

मी बोलले नाही. तेव्हा नाही, त्यानंतरही नाही.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर हे इतकेच म्हणाले, “साठची काहून घेतली वं? नव्वदची घ्याची होती. गाणं तं पुरं झालं असतं.”

मला हसू फुटले, यांनाही फुटले, भाकरी हातातच राहिली. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही. दुकानात मात्र कॉलेजची मुले येईनाशी झाली. यांनी चोर हे नाव तेवीस वर्षे वागवले. २०१४ च्या डिसेंबरात हे गेले, तेव्हाही गांधीबागेत काही लोक यांना त्याच नावाने ओळखत होते.

म्हणून मी लिहून ठेवते की, नवतपा बँडच्या अल्बमची चोरटी प्रत बळीराम धकाते यांनी काढली नाही. ती मी काढली. त्यांना ती निघाल्याचे माहीत नव्हते, आणि कळल्यावर त्यांनी माझ्या वाट्याचा शब्द स्वतःच्या अंगावर घेतला.

कलम ५. कॅसेटी कशा जमल्या, याचा खुलासा.

माझी कॅसेट सोनिकाकडून परत आली नाही, मुंबईला गेलेल्या तीन प्रतीही परत आल्या नाहीत. मूळ कॅसेटची टेप अंकुशने रागाने ओढून काढली आणि त्याच्या वडिलांनी ती कळमेश्वरच्या शेतात ज्वारीवर बांधली, पाखरे भ्यावीत म्हणून. म्हणजे पूर्ण अल्बमचे शेवटचे श्रोते पोपट होते. स्टुडिओने आपला स्पूल पुसून दुसऱ्या कामाला वापरला. अल्बम संपला असेच मी धरून चालले होते.

२०१६ च्या फेब्रुवारीत सिंधूताईच्या धाकट्या मुलाचे लग्न एका लॉनवर झाले. तिथे मुलांचा बँड होता. त्यांनी ‘कन्हानचा पूल’ धरला. “पुलाच्या त्या टोकाले कोण” म्हणून चौघे एकदम थांबले, ड्रमसुद्धा. आणि समोरच्या पोट्ट्यांनी नावे ओरडली, ज्याने त्याने आपापल्या माणसाचे.

मी स्टेजजवळ जाऊन विचारले, “बाबू, इथं गाणं तुटलं काहून?”

“तुटलं नाही मावशी, ओरिजनलच तसं हाय. तिथं आपापलं माणूस म्हणायचं असते.”

ते माझ्या साठच्या कॅसेटचे टोक होते. पंचवीस वर्षांत लोकांनी त्याची रीत केली होती. मुलांनी ते गाणे आग्रहावरून पुन्हा वाजवले. आमच्यात नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय घेत नाहीत. मी भरल्या मांडवात “बळीराम!” म्हणून ओरडले. सिंधूताई धावत आली. “वहिनी, लाज सोडली काय वं! दादाचं नाव घेऊन राहिली!” मी म्हटले, “तू बी घे की, तुझाही होता तो.” तिने घेतले नाही, पण पुढची पंगत होईस्तोवर माझा हात धरून बसली. त्या गुंडाचा राग माझ्या मनातून त्या दिवशी निम्मा गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि हर्षा कॅसेटी शोधायला लागलो. नऊ वर्षांत अकरा मिळाल्या. बुरशी आलेल्या, टेप चुरगळलेल्या, एकीच्या आत झुरळाची अंडी. मी टेप काढून नव्या खोक्यात घालायची, आतली स्पंजची टिकली बदलायची, प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा पेच नव्याने लावायची. आवाज उघडला की हर्षा तो संगणकात घ्यायची. ज्या प्रतीत जे गाणे स्वच्छ, ते तिच्यातून उचलले. कन्हानच्या कोळसा खाणीतल्या एका कुटुंबाची प्रत दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून भरलेली आहे. तिच्यात तिसऱ्या गाण्यावर कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत आणि मग:

“चूप बस ना वं आई, भरून राहिलो मी!”

“मंग जेवशीन कवा? गाणं खाशीन?”

हर्षा ते काढून टाकत होती. मी काढू दिले नाही. स्वच्छ अल्बम वेगळा ठेवला, आणि ही घरे वेगळी ठेवली. दोन्ही जपावेत.

अकराही कॅसेटी “कोण” वरच तुटतात. एकही पुढे जात नाही. याचा अर्थ अकराही माझ्या चोरीची लेकरे आहेत. हा पुरावा मी शोधायला गेले नव्हते, पण मिळाला.

~~कलम ६. वरील अकरा कॅसेटी व तयार झालेला अल्बम, मूळ धनी म्हणून श्री. अंकुश गेडाम, राहणार कळमेश्वर, यांना द्यावा.~~

कलम ६ खोडलेले आहे. नीलाताई म्हणाल्या, नव्या कागदावर लिहा, खाडाखोड कोर्टाला आवडत नाही. मी ते तसेच ठेवले आहे आणि दोन्ही साक्षीदारांनी शेजारी सही केली आहे. खोडायचे कारण लिहिते.

गेल्या महिन्यात मी कळमेश्वरला गेले. अंकुश आता छप्पन्न वर्षांचा आहे, कारखान्यात फोरमन. दुकानाचे नाव ऐकताच तो उभाच राहिला. त्याची बायको नंदिनी म्हणाली, “अहो, बसू तं द्या त्यांले. उन्हाच्या आल्या.” मी पाणी पिण्याआधी सगळे सांगितले, कारण पाणी प्यायल्यावर माझा धीर गेला असता.

“म्हणजे चौतीस वर्षं मी चुकीच्या माणसाले शिव्या देऊन राहिलो?”

“हाव.”

“तवाच काहून नाही सांगितलं, वहिनी?”

“भेव वाटलं.”

तो उठून मागच्या दाराने निघून गेला. मी पिशवी उचलली. नंदिनी म्हणाली, “पंप बंद कराले गेले. येतीन.” तो आला, हात ओले होते, म्हणाला, “ऐकवा.”

पूर्ण बाजू त्याने खाली मान घालून ऐकली. “कोण” आले आणि तुटले. नऊ वर्षे जे विचारायचे होते ते मी विचारले, “पुढं काय होतं गा?”

“पुढं? ला ला ला होतं.”

“ला ला ला?”

“शब्दच सुचले नव्हते, वहिनी. म्हटलं, मुंबईले जाऊन लिहू.”

मी इतकी हसले की नंदिनीने माझी पाठ चोळली. अंकुशही हसला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. “बरं झालं तिथंच तुटलं,” म्हणाला. “नाही तं कोणी ऐकलं नसतं दुसऱ्यांदा.” मग म्हणाला, “पण बळीरामभाऊले मी बाजारात बोललो, त्याचं काय करू?”

काल नीलाताईंच्या ऑफिसात मी त्याला हा मसुदा वाचून दाखवला. कलम ६ वर तो म्हणाला, “साक्षीदार कोण हाय?”

नीलाताई म्हणाल्या, “एक डॉक्टर आहेत. दुसरा शोधतोय.”

“मी करतो सही.”

“तुम्हाला नाही करता येणार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्ष देऊ नये. पुढे भांडणं होतात.”

“मंग मले काही नका देऊ.”

मी म्हटले, “अरे, गाणी तुझी आहेत. माझं ओझं तेवढंच उतरतं.”

“गाणी माझ्या डोक्यात हायत, वहिनी. भाऊ चोर नव्हते, त्याच्याखाली सही कुठी हाय माझी?”

त्याने स्वतःच माझा पेन घेऊन पुढे केला, म्हणून मी ते कलम खोडले.

कलम ७. आता कॅसेटी आणि अल्बम हर्षाकडे राहतील. जो मागेल त्याला तिने प्रत द्यावी. अंकुशने तशी लेखी परवानगी दिली आहे, ती सोबत जोडली आहे.

कलम ८. माझ्या तेरवीला पहिली बाजू पूर्ण वाजवावी. “कोण” वर कुणी माझे नाव घेऊ नये. माझे नाव माझ्याबरोबर गेले. ज्याने त्याने आपल्या जिवंत माणसाचे नाव घ्यावे, आणि ते माणूस पंगतीत असेल तर त्याला वाढावे.

कलम ९. या सर्वाची अंमलबजावणी हर्षाने करावी. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करायची इच्छा नाही, हाच कागद लिहायला मला चौतीस वर्षे लागली.

ठिकाण: नागपूर
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

(सही) जयवंता बळीराम धकाते

साक्षीदार:

१. जयवंताबाईंनी आमच्या दोघांच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत, वाचून व समजून सही केली. आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.
(सही) डॉ. दीपमाला उमरेडकर, तांडापेठ, नागपूर

२. वरील मजकूर खरा आहे. सही माझ्यासमोर झाली. मी १९९१ साली गांधीबागेत चारचौघांसमोर बळीराम धकाते यांना चोर म्हटले होते. ते चोर नव्हते. मी माझा शब्द परत घेतो आणि ज्यांनी तो तेव्हा ऐकला त्यांनी हेही वाचावे.
(सही) अंकुश गेडाम, कळमेश्वर, जिल्हा नागपूर