चौकटीवरची दोन भोकं

पप्पा, ते हॉटेल आता पाडणार आहेत. इरी सरोवराच्या काठावरचं, ज्याच्या तळघरात आपण चार वर्षं राहिलो ते. तुम्ही गेल्याला एकतीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही लिहिलं नव्हतं. आपण एकाच शहरात राहायचो, फोन होता. हे कागद पोस्टात टाकायला पत्ता नाही हे मला कळतं. पण परवा शुक्रवारी मी फोनवर एक वाक्य बोलले, आणि ते सांगावं असं दुसरं कोणी मला सुचत नाही.

तुमची नात किचनरला असते, सॉफ्टवेअरच्या कंपनीत. गेल्या रविवारी ती रिचमंड हिलला माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॉम, कोट घाल. आय हॅव अ सरप्राइज." दोन तास गाडी चालवून तिने मला सरोवराच्या काठावर आणलं. दाराशी पाटी होती: गुंडाच्या लपण्याच्या जागेची शेवटची सहल. तिला माहीत नव्हतं. मी तिला एवढंच सांगितलेलं होतं की लहानपणी आम्ही कुठल्याशा हॉटेलात राहायचो, आजोबा तिथे बॉयलर सांभाळायचे. गाव सांगितलं नव्हतं. तिने वर्तमानपत्रात जाहिरात बघितली आणि आईला जरा बाहेर काढावं म्हणून तिकिटं घेतली. मी गाडीतून उतरले आणि इमारत बघितली. काही वाटलं नाही. फक्त ती आठवणीपेक्षा लहान होती आणि खिडक्यांना फळ्या मारलेल्या होत्या.

तुम्ही मुंबईच्या गोदीतले फिटर. इथे आलात ते बॉयलरच्या कामावर, आणि कामाबरोबर राहायला तळघरातल्या दोन खोल्या मिळाल्या. हिवाळ्यात अख्ख्या हॉटेलात सगळ्यात ऊब आपल्या खोल्यांत असायची. आई म्हणायची, वरचे पाहुणे पैसे देऊन कुडकुडतात आणि आपण फुकट घामाघूम. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मलिदा करायचं ठरवलं, आपण यहुदी लोक प्रेषित एलियाहू हन्नबींच्या नावाने करतो तो, पण पोहे मिळेनात. मग हॉटेलच्या स्वयंपाकघरातून नाश्त्याच्या तांदळाच्या लाह्यांचं खोकं आणलं, त्यात खवलेलं सुकं खोबरं, साखर आणि वेलची घातली. फळं मात्र पाच प्रकारची जमवली. तुम्ही प्रार्थना म्हटलीत, एक घास घेतलात, थोडा वेळ चावत राहिलात आणि म्हणालात, "एलियाहू हन्नबी समजून घेतील. ते फार लांबून येतात." आई हसता हसता ओट्याला टेकली होती.

मग तुम्ही दाराच्या चौकटीवर लावायची मेजुजा केलीत. तिच्या आत ठेवायचं, प्रार्थना लिहिलेलं चर्मपत्र माझ्या आजोबांनी दिलेलं होतं, पावडरच्या डब्यात कापसात गुंडाळून आणलेलं, पण त्याची लाकडी पेटी प्रवासात चिरडली होती. तुम्ही बॉयलरच्या खोलीतून टाकून दिलेल्या पितळी नळीचा तुकडा घेतला, कानसीने तोंडं साफ केली, दोन्ही टोकांना पत्र्याचे कान डाख देऊन बसवले. मी शेजारी स्टुलावर बसून तुमच्या हातात एकेक वस्तू देत होते. चौकट ओकच्या लाकडाची, दगडासारखी. छोटा स्क्रू आत जाताना मोडला म्हणून तुम्ही मोठे घेतलेत. आत शिरताना उजव्या हाताला, उभी, माझ्या डोक्यापेक्षा थोडी वर. येता-जाता मी टाच उचलून बोटं लावायची आणि ओठांना न्यायची, तुम्ही करायचात तसं. बॉयलरच्या हवेने नळी नेहमी कोमट असायची.

आणि तो गुंड. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा या काठावरून नावा भरून दारू पलीकडे जायची, एवढं खरं आहे, गावातली म्हातारी माणसं सांगायची. पण शिकागोचा तो नावाजलेला गुंड स्वतः येऊन आपल्या हॉटेलात लपला होता, हे मालकाचं. खोली सातमध्ये तो झोपायचा आणि पोलिस आले की तळघरातल्या भुयारातून सरोवरावर पळायचा. असं सांगणारी हॉटेलं, कॉटेजेस आणि शेतघरं ओंटारियोत इतकी होती की तुम्ही म्हणायचात, "हा माणूस धंदा कधी करायचा? बघावं तेव्हा झोपलेला." ते भुयार म्हणजे पंपघराकडे जाणारा पाइपांचा बोळ होता. तुम्ही दर आठवड्याला त्यात सरपटत जाऊन व्हॉल्व्हला ग्रीस लावायचात. एकदा मी पाहुण्यांच्या दोन मुलींना टॉर्च घेऊन त्या बोळाच्या तोंडाशी नेलं आणि सांगितलं की तो याच विटेवर बसून सिगार ओढायचा. तुम्ही मागे उभे होतात. त्या मुली गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "तू बघितलंस त्याला?" मी म्हटलं, नाही. "मग पाइपाबद्दल सांगायचं. पाइप बघितलायस ना? जे बघितलं ते सांगायचं, बाकीचं ज्याने बघितलं तो सांगेल." आवाज चढवला नव्हतात. मला वाटतं तुम्ही माझ्यावर आवाज कधीच चढवला नाहीत.

चौथ्या वर्षी टोरांटोहून वर्तमानपत्राचा एक माणूस आला, गळ्यात कॅमेरा अडकवलेला. मालक त्याला खाली घेऊन आले, तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हा आमचा भुयाराचा माणूस, यालाच विचारा. मी शाळेतून आले होते, दप्तर पाठीवर होतं. तुम्ही चिंधीला हात पुसलेत आणि म्हणालात, "इट इज फॉर पाइप्स, सर. आय गो इन एव्हरी वीक. पाइपांची जागा सोडली तर उरते दीड फूट. ते साहेब फार जाडे होते म्हणतात. कसे जाणार?" तो माणूस खूप हसला आणि त्याने तेच छापलं.

मालकांनी तुम्हाला वर बोलावलं. परत आलात तेव्हा आई कणीक मळत होती. तुम्ही म्हणालात, "या महिनाअखेरपर्यंत खोल्या सोडायच्या." आईचे हात थांबले. "हो म्हणायला काय गेलं असतं तुमचं? आणखी एक रात्र झोपला असता तो मेला गुंड!" तुम्ही खुर्चीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होतात. म्हणालात, "ते म्हणाले, या देशात छप्पर गोष्टींवर टिकतं. मी म्हटलं, छप्पर मी गेल्याच महिन्यात नीट केलं, तुम्ही वर चढून बघा." आई रडत होती आणि मध्येच तिला हसू फुटलं. मला नाही फुटलं. मी तेरा वर्षांची होते, माझी एक मैत्रीण झाली होती, आणि मला वाटलं की एका पाइपासाठी तुम्ही आमचं घर घालवलंत.

निघायच्या दिवशी तुम्ही सामान गाडीत भरत होतात आणि मला म्हणालात, मेजुजा काढून आण, सावकाश. स्क्रूच्या डोक्यांवर रंग बसलेला होता, मालकांनी दर वर्षी तळघर रंगवायला लावलेलं. स्क्रूड्रायव्हर बसेना. मी दोनदा प्रयत्न केला असेल. मग हातोडी घेतली, तिचं मागचं दुभंगलेलं टोक नळीखाली घातलं आणि सगळ्या अंगाने खेचलं. आधी वरचं, मग खालचं. लाकडाचे ढलपे उडाले आणि दोन खळगे राहिले, एकावर एक, प्रत्येकात माझा अंगठा मावेल एवढे. तुम्ही आत आलात, नळी माझ्या हातून घेऊन आतलं चर्मपत्र धड आहे ना ते पाहिलंत, मग बराच वेळ चौकटीकडे बघितलंत. म्हणालात, "लाकडाने तुझं काय केलं होतं?" मग आपण टोरांटोला निघालो.

तर रविवारी त्या चौकटीपाशी आम्हाला उभं केलं. सहलीची गाइड एक निवृत्त शिक्षिका होती, लाल जाकीट, हातात टॉर्च, बोलणं गोड. तिने त्या दोन खळग्यांवर उजेड टाकला आणि म्हणाली, "आणि हे बघा. दोन गोळ्या. शिकागोची माणसं त्याला शोधत इथवर आली, तो या दारातून आत शिरला आणि मागून गोळ्या सुटल्या. त्या चुकल्या, म्हणून हे दार लकी. हात लावा, लक घेऊन जा." एक जोडपं होतं, एक म्हातारे गृहस्थ, टोपीतला एक लहान मुलगा. सगळ्यांनी हात लावला. माझी पाळी आली. पप्पा, मी काही ठरवलं नव्हतं. हात वर गेला, आता टाच उचलायला लागत नाही, बोटं खळग्यांना लागली आणि सरळ ओठांकडे आली. "ओ, दॅट्स लव्हली!" ती बाई म्हणाली. "किस फॉर लक!" मग तो मुलगा परत आला, वडिलांनी त्याला उचललं, त्याने बोटं लावून ओठांना नेली. त्या जोडप्याने नेली. म्हाताऱ्यांनीसुद्धा. माझ्या मुलीने नेली आणि हसली. आपल्या दाराशी सगळी ओळीने तसं करत होती आणि मी टॉर्चच्या उजेडात उडणारी धूळ बघत होते.

वर आल्यावर बाईने सांगितलं की वसंतात इमारत जाणार, इथे काँडोचे फ्लॅट्स होणार. गावच्या म्युझियमला एकच वस्तू वाचवणं परवडतंय, ती चौकट. पुढच्या आठवड्यात सुतार ती कापून काढणार. कोणाकडे काही आठवण असेल तर या फॉर्मवर लिहा. मी एक फॉर्म पर्समध्ये घातला.

गाडीत मी मुलीला सांगितलं. तिने गाडी कडेला घेतली. "वेट. दॅट वॉज युअर डोअर? आपली मेजुजा? तुझ्या घराच्या दाराला आहे ती?" मी म्हटलं, हो, तीच. "मॉम, देन टेल देम. आजोबांनी जॉब सोडला त्याच्यासाठी." मी म्हटलं, सोडला नाही, गेला.

मी फॉर्म भरला. इंग्रजीत पाच ओळी झाल्या: माझे वडील इथे बॉयलर सांभाळायचे. दारावर आमच्या धर्माची वस्तू होती. ती मी उपटून काढली, ही भोकं त्याची आहेत. गोळ्यांची नाहीत. भुयार पाइपांचं आहे. सोमवारी पोस्टात टाकला. टाकताना वाटलं होतं की हलकं वाटेल. मग ग्रोसरीला गेले.

शुक्रवारी सकाळी त्या बाईंचा फोन आला. आवाज तसाच गोड, पण हळू. म्हणाल्या, तुमचा फॉर्म मी अजून कमिटीपुढे ठेवलेला नाही. ठेवला तर ती चौकट कोणी कापणार नाही. बॉयलरवाल्याच्या दारासाठी सुतार आणायला ते तयार होणार नाहीत, आय अ‍ॅम सॉरी, पण मी त्या लोकांना ओळखते. ती बाकीच्या इमारतीबरोबर जाईल. मी विचारलं, आणि नाही ठेवला तर? तर ती काचेमागे राहील, त्या गुंडाच्या नावाने. "तुम्ही खूप लहान असाल तेव्हा," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं होऊन गेली. तुम्हाला अगदी नक्की आठवतंय का?" त्या मला वाट काढून देत होत्या, चांगल्या मनाने. मी स्वयंपाकघरात उभी होते. समोर माझ्या दाराची चौकट दिसत होती आणि तिच्यावर तुमची नळी. तुमच्या हातचं या देशात काय काय उरलंय ते मी मोजायला लागले. ही नळी, आणि ज्या लाकडात तुम्ही ती पहिल्यांदा बसवलीत, ते. तेवढंच निघालं. कबर आहे, पण ती तुम्ही केलेली नाही.

मी म्हटलं, नाही. नक्की नाही आठवत. मी फार लहान होते.

त्या म्हणाल्या, मग हा फॉर्म मी बाजूला ठेवते, आणि थँक यू म्हणाल्या. मी पण थँक यू म्हटलं. आज रविवार. मुलीला अजून सांगितलेलं नाही. चौकट मंगळवारी कापणार आहेत.

नळी उपटली तेव्हा मी तेरा वर्षांची होते, पप्पा. तुम्ही ती बसवलीत तेव्हा नऊ वर्षांची. तुम्ही स्टुलाकडे हात केलात आणि मी तुम्हाला स्क्रू दिले. दोन होते, अडीच इंची, पितळेचे, आणि पहिला माझ्या हातून पडला होता.